वेल्समधल्या मुलांना शाळेत वेल्श भाषेतून शिकवावं का?

शिकवावंच, असं माझं मत. ‘इंग्रजी कच्चं राहील’ ही भीती तिथे टिकत नाही. वेल्श माध्यमातही साधारण सातव्या वर्षापासून इंग्रजी विषय असतोच, शिवाय गल्लीत, टीव्हीवर, मोबाइलवर सगळं इंग्रजीच. आधार हवाय तो वेल्शला: २०२१च्या जनगणनेत ती येणारे जेमतेम १७.८ टक्के. एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात ‘डब्ल्यू. एन.’ (‘वेल्श नॉट’, म्हणजे ‘वेल्श नको’) कोरलेली लाकडी पट्टी अडकवत. दुसरा कुणी बोलला की पट्टी त्याच्याकडे, आणि शेवटी ज्याच्या गळ्यात ती, त्याला छडी! आज इंग्रजी शाळांतही वेल्श सोळाव्या वर्षापर्यंत सक्तीची आहे, पण नुसत्या तासाने भाषा तोंडात बसत नाही. माध्यमच वेल्श हवं. तुम्ही तिथले पालक असाल आणि वेल्श माध्यमाची शाळा लांब असेल, तर बसची चौकशी आधी करा.