सुरात गाते, पण क्वायरमध्ये घेतील का?

हायस्कूलच्या क्वायरच्या, म्हणजे वृंदगानाच्या गटाच्या, ऑडिशन जवळ आल्या की अमेरिकेतल्या मराठी घरांतून पत्रं यायला लागतात. त्यांतल्या पाच पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. लहानपणापासून हिंदुस्थानी गाणं शिकते, काळी चारमध्ये गाते. नववीच्या क्वायरसाठी ऑडिशन आहे. ‘हिला ऑल्टोत (मुलींच्या खालच्या आवाजाच्या गटात) टाकतील’ असं सगळे म्हणतात. त्यात कमीपणा आहे का? तयारी काय करून घेऊ?
– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : कमीपणा कसला? शेजारी दुसरी चाल चालू असताना आपली खालची ओळ सुरात धरून ठेवणारी मुलगी सहजी मिळत नाही. मात्र ऑल्टोचा शिक्का आवाज पाहून बसावा, सवय पाहून नव्हे.

काळी चारचा मध्य षड्ज म्हणजे पियानोवर मधल्या सीच्या (मधल्या पांढरी एकच्या) खालचा जी शार्प. तिथून तार गंधाराला गेलं की आपण मधल्या सीच्या वरच्या सीवर पोचतो, आणि बहुतेकींचा रियाज त्याच्या आसपासच थांबतो. सोप्रानोला, म्हणजे मुलींच्या वरच्या आवाजाला, त्याच्याही वरच्या जीपर्यंत तरी जावं लागतं. तुमच्या मुलीच्या हिशेबात तो तार सप्तकाचा शुद्ध निषाद झाला! छातीच्या आवाजात तिथे जाता येत नाही, जोर लावला की गळा आवळतो. त्यासाठी डोक्यातला हलका आवाज लागतो. तो तिच्याकडे असतोच, वापरलेला नसतो एवढंच.

रोज दहा मिनिटं पुरे. पांढरी चारचा, म्हणजे मधल्या सीच्या वरच्या एफचा, षड्ज धरून ‘प म ग रे सा’ असं वरून खाली ‘ऊ’ म्हणत यायचं, तेही हळू आवाजात. मग षड्ज एकेक पट्टी वर सरकवायचा. तो वरच्या सीवर आला की पंचम त्या जीवर पडतो. खालून वर चढत गेलं तर छातीचा आवाज सुटत नाही, म्हणून सुरुवात वरून. घसा दुखला तर त्या दिवशी तिथेच थांबावं.

ऑडिशनमध्ये शिक्षक पाच स्वरांची सरगम दर वेळी अर्ध्या स्वराने वर नेत आवाजाचा पल्ला बघतात. ‘मला एवढंच येतं’ म्हणून मुली आपणहून थांबतात, तसं करू नये. थांबवायचं काम शिक्षकांचं.

आपल्या गाण्यातल्या दोन सवयी इथे नडतात. एक, स्वर खालून घसरत लावणं. ख्यालात ती मींड, क्वायरमध्ये ती चूक, कारण वीस जणी वेगवेगळ्या वेगाने घसरल्या तर एकही स्वर सरळ ऐकू येत नाही. दुसरी, पसरट आकार. तोंड आडवं न उघडता उभं उघडायचं, ओठ थोडे गोल. आरशात बघितलं की लगेच कळतं. आणि ‘नाइट’सारखा शब्द लांबवताना ‘ना’तला आकार धरायचा. ‘इ’ आणि ‘ट’ अगदी शेवटी.

प्रश्न : मुलाला एकदा ऐकवलं की चाल पाठ होते, पण नोटेशन वाचता येत नाही. ऑडिशनला दोन महिने आहेत. ‘साइट रीडिंग’, म्हणजे आधी न पाहिलेलं नोटेशन वाचून लगेच गाणं, जमेल का?
– एक वडील, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : शाळेच्या पातळीचं जमेल. खरं सांगायचं तर कान चांगला असलेली मुलंच इथे गाफील राहतात. तयार गाणं तीनशे वेळा घोटतात आणि कागदाकडे बघत नाहीत. दोन महिने असतील तर त्यांतला निम्म्याहून जास्त वेळ वाचनाला द्या.

साधारणपणे मुलाच्या हातात चार ते आठ बारांची (बार म्हणजे नोटेशनमधला मात्रांचा एक गट) ओळ देतात, पियानोवर मूळ कॉर्ड (सा-ग-प एकत्र) आणि पहिला स्वर ऐकवतात, आणि बघायला अर्धा मिनिट देतात. तो असा वापरायचा. आधी षड्ज, म्हणजे त्यांचा ‘डो’, शोधायचा. ओळीच्या सुरुवातीला शार्प (♯) असतील तर शेवटच्या शार्पच्या अर्धा स्वर वर ‘डो’. फ्लॅट (♭) असतील तर शेवटून दुसऱ्या फ्लॅटवर ‘डो’. एकच फ्लॅट असेल तर एफ, काहीच नसेल तर सी. मग शेवटचा स्वर बघायचा : ‘डो’वर संपतंय (मेजर) की ‘ला’वर, म्हणजे आपल्या धवर (मायनर)? नंतर मांडीवर ठेका धरून नुसती लय एकदा म्हणायची, आणि उरलेल्या वेळात उड्या हेरायच्या. बहुतेक उड्या सा-ग-पमध्येच असतात.

सरगमवाल्या मुलांचा फायदा असा की बऱ्याच शाळांत सरकता ‘डो’ वापरतात, म्हणजे आपला षड्जच. मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या सप्तकात, मात्र फसगत होते. कित्येक शिक्षक मायनरच्या मूळ स्वराला ‘ला’ म्हणतात. आपल्या मुलाच्या डोक्यात मूळ स्वर म्हणजे ‘सा’च, त्यामुळे त्याची सगळी नावं सरकतात. काही शिक्षक तिथेही ‘डो’च ठेवून ‘मे, ले, ते’ वापरतात. ते आपले कोमल ग, ध, नी. तुमच्या शाळेत कोणती पद्धत आहे ते आधीच विचारा. पुष्कळ ठिकाणी कोणतीही अक्षरं चालतात. मग त्याने खुशाल सारेगम म्हणावं.

लयीत सगळ्यात जास्त चुकते ती दीड मात्रा अधिक अर्धी मात्रा. दीडचा स्वर मुलं एकातच सोडतात आणि पुढचं सगळं अर्ध्या मात्रेने आधी येतं. रोज पाच मिनिटं टाळी देत एवढंच म्हणवून घ्या. गाताना स्वर चुकला तर मागे जायचं नाही. चुकलेला स्वर एकटा जातो, थांबलं तर लयही जाते.

सरावाला रोज दोन नव्या ओळी घ्या. त्याच त्या ओळी चार दिवसांत पाठ होतात, मग ते वाचन राहत नाही.

प्रश्न : मी चौदा वर्षांचा आहे. आवाज फुटतोय. मधेच चिरकतो. ऑडिशन द्यावी की वर्षभर थांबावं?
– एक विद्यार्थी, प्लेनो, टेक्सास

उत्तर : दे. तुझ्या वयाच्या मुलांचे असले आवाज क्वायरचे शिक्षक दर वर्षी ऐकतात, आणि मुलगे त्यांना हवेच असतात. या काळात आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो, आणि मधले काही महिने नीट लागणारे स्वर मोजकेच उरतात. म्हणून एका सप्तकाच्या आतलं गाणं निवड आणि त्याची प्रत दोन पट्ट्यांत जवळ ठेव. त्या आठवड्यात जी लागेल ती दे. खालचे स्वर दाबून काढू नकोस, चिरकलास तर हसून पुढे जा. सारखं घसा खाकरण्यापेक्षा पाण्याचा घोट घे. आत्ता टेनरमध्ये (पुरुषांच्या वरच्या आवाजात) घातलं तरी वर्षभरात बॅरिटोन (त्याहून खालचा) होशील कदाचित, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

प्रश्न : ऑडिशनला अभंग गायला तर चालेल का?
– एक आजी, शिकागो

उत्तर : आधी फॉर्म बघा. ‘आवडीचं कोणतंही गाणं’ असं लिहिलं असेल तर चालेल, पण ताना-मुरक्या काढून. शिक्षकांना सरळ स्वर, पियानोबरोबरची पक्की लय आणि इंग्रजी किंवा लॅटिन उच्चार ऐकायचे असतात. अभंगातून त्यांना यातलं फारसं कळणार नाही. दीड मिनिटाचं साधं इंग्रजी गाणं बरं. छापील नोटेशन हव्या त्याच पट्टीत आणि फाइलमध्ये लावून न्यावं. सुटे कागद स्टँडवरून पडतात, आणि ऐनवेळी पट्टी बदलून वाजवा असं साथीदाराला सांगणं बरोबर नाही.

काही शाळा सगळ्यांकडून राष्ट्रगीत गाऊन घेतात. अमेरिकेचं राष्ट्रगीत मध्य षड्जापासून तार पंचमापर्यंत जातं. त्याचे पहिले तीन स्वर प-ग-सा असे उतरतात, आणि तो ‘सा’ सगळ्या गाण्यातला सर्वांत खालचा. तो खाली सहज लागत असेल तरच वर जागा उरते. नातीला काळी पाचचा षड्ज देऊन बघा. तार पंचम एफवर येईल, आणि तो हलक्या आवाजातच घ्यावा लागेल.

प्रश्न : क्वायरमध्ये लॅटिन चर्चगीतं असतात म्हणे. आणि निवड झाल्यावर वेळ किती जातो?
– एक पालक, अटलांटा

उत्तर : असतात. पाश्चात्त्य वृंदगानाचा मोठा भाग चर्चसाठीच लिहिला गेला, तो वगळून हा विषय शिकवता येत नाही. सरकारी शाळेत ती संगीत म्हणून शिकवतात, उपासना म्हणून नाही. तरी एखादं गाणं मनाला पटत नसेल तर शिक्षकांशी आधीच बोला.

वेळेचं म्हणाल तर बहुतेक शाळांत क्वायर हा वेळापत्रकातला तास असतो, त्याला क्रेडिट आणि ग्रेड असते. कॉन्सर्टची हजेरी ग्रेडमध्ये धरतात. पोशाखाचे पैसे बऱ्याचदा वेगळे. डिसेंबरच्या आणि वसंतातल्या कॉन्सर्टच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच मिळतात. त्या बघूनच मंडळाच्या नाटकात मुलाचं नाव द्या.