आधी गूळ-पाणी

बाये,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हॉकी नाही, बॅडमिंटन नाही, कुस्ती नाही, नेमबाजी नाही, मग स्वयंसेवकाचा गणवेश घालून कुणासाठी उभी राहू, असं विचारतेस. बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये आपण ६१ पदकं मिळवली, त्यांतली १२ एकट्या कुस्तीची. तुझा राग मला कळतो. तरी प्रश्न चुकलाय. दारात उभं राहणाऱ्याने पदकं मोजायची नसतात. आलेल्याला आधी गूळ-पाणी.

डिचोलीला तुझ्या आजीकडे उन्हातून कोणी आलं, तर ती आधी गाव विचारायची की तांब्या पुढे करायची?

२०१४ च्या जानेवारीत पोर्तुगीज भाषक देशांची ल्युसोफोनिया स्पर्धा गोव्यात झाली. मी बांबोळीच्या मैदानावर स्वयंसेवक होतो. पायरीवर एक कोवळा धावपटू बसला होता. मला बघून दोन-तीनदा म्हणाला, "फेब्र, फेब्र." मी मान हलवली, पाण्याची बाटली हातात दिली आणि गोव्याचा फुटबॉल सामना बघायला निघून गेलो. परतलो तेव्हा त्याचे सोबती त्याला आधार देऊन नेत होते. फेब्र म्हणजे ताप. माझ्या आजोबांच्या तोंडी हा शब्द रोजचा होता, बाये! तो माझ्या कानावर पडला, पण माझं लक्ष फातोर्ड्याच्या फुटबॉल मैदानाकडे होतं.

फुटबॉलचं सुवर्ण गोव्याने जिंकलं. त्या रात्री मीही नाचलो. ते प्रेम खोटं नव्हतं, हे मी आजही ठासून सांगेन. भातकापणी झालेल्या शेतांत तीस वर्षं पोरांना खेळवलंय मी, गोलपोस्ट म्हणून दगड मांडून. पण त्या दिवशी माझी जागा पायरीवर होती. सामना माझ्यावाचून झालाच असता. त्या मुलाला मात्र तिथे दुसरं कोणी नव्हतं.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी गूळ-पाणी. तिरंगा नंतर, ड्युटी संपल्यावर, हवा तेवढा फडकव. लॉन बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, दारावर नेमलंय म्हणून तोंड पाडू नकोस. बर्मिंगहॅमला आपल्या चार बायकांनी त्याच खेळात सुवर्ण मिळवलं, तेव्हा देशात किती जणांना तो खेळ ठाऊक होता? आणि २०३० ला हीच स्पर्धा अहमदाबादला येतेय. तेव्हा परक्या गावात बावरलेल्या पोरांना जागा दाखवायला तुझ्यासारखीच कोणीतरी लागेल, जिला परकेपण म्हणजे काय ते माहीत आहे.

आता दुसरी गोष्ट. एक पेपर राहिला, काम सुटलं, खोलीचं भाडं थकलंय, आणि घरी यातलं काहीच सांगितलं नाहीस. पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकलंस! तूही पायरीवर बसून "फेब्र, फेब्र" म्हणतेस, आणि तेही मनातल्या मनात. दुसऱ्याला गूळ-पाणी देणाऱ्या माणसाने स्वतःची तहान लपवायची, यात कसला आलाय स्वाभिमान? मला राग येतो अशा वेळी. विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या अडचणी ऐकणारी माणसं असतात, उद्याच जा. भाड्याचा आकडा मला कळव, मान खाली न घालता.

पण आधी आईला फोन कर. रात्री नको, ती दचकेल. सकाळी तिचा चहा झाला की कर.

तुझे,
सर