स्वभाव बदलला की मन खचले?

प्रश्न : माझ्या मुलाला पाचव्या वर्षी सिस्टिक फायब्रोसिसचे निदान झाले. आता तो 17 वर्षांचा आहे. दोन वेळचे नेब्युलायझर, छातीची फिजिओथेरपी, जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल हे सारे तो वर्षानुवर्षे निमूटपणे करत आला. दिवाळीपासून मात्र तो सारखा चिडतो, मित्रांना टाळतो आणि कॉलेजच्या कँटीनमध्ये कॅप्सूल घेतच नाही, हे शिल्लक गोळ्या मोजल्यावर माझ्या लक्षात आले. सासूबाई म्हणतात, आजारपणाने त्याचा स्वभावच असा झाला. हे खरे आहे का?
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, सासूबाईंना बदल दिसला तो खरा आहे, त्याला त्यांनी दिलेले नाव मात्र मला पटत नाही. सातव्या गुणसूत्रावरील ज्या जनुकातील दोषामुळे हा आजार होतो, तो 1989 साली सापडला. या दोषामुळे फुप्फुसांत व स्वादुपिंडात चिकट स्राव साठतो आणि घामावाटे मीठ जास्त जाते, पण या आजाराचा म्हणून ठरलेला असा कोणताही स्वभाव नसतो. काटेकोर मुलाला औषधांचा दिनक्रम पाळणे सोपे जाते, मुळात काळजीखोर असलेल्याला प्रत्येक खोकला घाबरवतो, एवढाच स्वभावाचा वाटा. बारा वर्षे निमूटपणे उपचार घेणारा मुलगा काही महिन्यांत बदलतो तेव्हा बहुधा मनःस्थिती बिघडलेली असते, आणि तिच्यावर उपचार होतात. एकदा ‘स्वभाव’ म्हटले की कोणी डॉक्टरांकडे जात नाही, म्हणून त्या शब्दाला माझा विरोध.

नऊ देशांतील रुग्ण व पालकांच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उदासीनता आणि चिंता यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत दोन ते तीन पट आढळले. त्यानंतर 2016 साली अमेरिकेतील व युरोपातील तज्ज्ञांनी 12 वर्षांवरील प्रत्येक रुग्णाची वर्षातून एकदा नऊ प्रश्नांच्या आणि सात प्रश्नांच्या दोन सोप्या प्रश्नावल्यांद्वारे तपासणी करावी, अशी शिफारस केली. दहा मिनिटांचे काम आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे आग्रहाने मागा.

त्याच भेटीत शारीरिक कारणेही पाहून घ्या. मुंबईच्या उकाड्यात मीठ कमी पडल्याने येणारा थकवा, छातीतील नवा संसर्ग किंवा या वयात सुरू होऊ शकणारा मधुमेह बाहेरून थेट मरगळीसारखाच दिसतो. तो एलेक्साकाफ्टर असलेले नवे औषध घेत असेल, तर मनःस्थितीतील बदल डॉक्टरांना अवश्य सांगा. काही रुग्णांत असे बदल नोंदले गेले आहेत. औषध मात्र परस्पर थांबवू नका.

कँटीनमधली कॅप्सूल हा लाजेचा प्रश्न असावा. ती चुकली की पोट दुखते, वारंवार शौचाला जावे लागते, आणि मग मित्रांमध्ये बसणे आणखीच नकोसे होते. गोळ्या मोजून त्याला पकडण्याऐवजी ‘चारचौघांत घ्यायला अवघड वाटते का?’ एवढेच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्याच आजाराच्या दुसऱ्या मुलाशी बोलणे त्याला मोठा आधार देईल. मात्र जंतू एकमेकांकडे जाण्याचा धोका असल्याने ही मैत्री फोनवर किंवा व्हिडिओवरच ठेवावी. जगण्यात अर्थ नाही असे तो कधी बोलला, तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांकही चोवीस तास चालू असतो.

आणि ताई, ती वार्षिक तपासणी काळजी घेणाऱ्या पालकांनाही सुचवलेली आहे. प्रश्नावली मागताना दोन प्रती मागा.