आरटीईत नंबर लागलाय पण शाळा वरचे पैसे मागतेय? (उत्तर जरा लांब आहे)

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. मुलीचा आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांत, नंबर लागलाय, शाळा म्हणते फी माफ पण अ‍ॅक्टिव्हिटी, डिजिटल क्लास, गॅदरिंगचे वेगळे भरा, आणि घरचे म्हणतात त्यापेक्षा महापालिकेची शाळा बरी. अगदी हेच आमच्याकडं झालंय. माझी मुलगी याच कोट्यातून आठवीपर्यंत शिकली. फॉर्म, सोडत, पडताळणी तुमची झालीच आहे, त्यात शिरत नाही.

आधी एक पक्कं धरा, पैसे मागणं बेकायदेशीर आहे. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये नुसती फी नाही, जो खर्च मुलाच्या शिक्षणाच्या आड येईल असा कुठलाच खर्च घ्यायचा नाही असं आहे. आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, ते कलम १६. (मी वकील नाही, नियम बदलत राहतात, यंदाचं परिपत्रक स्वतः वाचा.)

आता आम्ही जिथं सगळ्यात जास्त पोळलो ते सांगते. मुलगी तिसरीत असताना शाळेनं असेच पैसे मागितले, पावती द्यायला तयार नाहीत, आणि दिले नाहीत तर निकाल अडकवला. मी लेखी अर्ज घेऊन शिक्षण खात्याच्या एका ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं अर्ज वाचला, म्हणाला ठेवून जा, आम्ही शाळेला फोन करतो. मी दुसऱ्या कॉपीवर शिक्का मागितला तर म्हणे साहेबांची सही झाल्याशिवाय पोच देत नाही, आणि साहेब कायम मीटिंगला. फोन मात्र लगेच गेला, कारण दुसऱ्याच दिवशी शाळेत सगळ्यांना कळलं होतं की तक्रार कुणी केली, आणि पोरीला गॅदरिंगच्या नाचातून काढलं. पुढं कधीही विचारायला गेलं की एकच उत्तर, असा अर्ज आमच्या आवक रजिस्टरला नाही. शेवटी भिशी उचलून पैसे भरले तेव्हा निकाल हातात आला. आजही आठवलं की संताप होतो, पैशापेक्षा पोरीच्या त्या नाचाचा.

हे एवढं का सांगतेय, तर कलम ३२ प्रमाणे तक्रारीचा निकाल ३ महिन्यांत द्यायचा असतो आणि नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगाकडं अपील करता येतं, पण अर्ज दिल्याचा कागदच नसेल तर ते ३ महिने मोजायचे कुठून? तेव्हा आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, आपले सरकार पोर्टलवर पण टाका. शाळेलाही सांगा, जे मागताय ते लेटरहेडवर लिहून द्या. बऱ्याच शाळा इथंच गप्प होतात.

शाळावाले सांगतील, या मुलांच्या फीचे पैसे सरकारनं आम्हाला द्यायचे, ते थकवतं. ते खरं आहे, दर मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये ठरवले आणि तेही वर्षानुवर्षं अडकतात. पण ते त्यांनी सरकारकडून वसूल करावं, सहा वर्षांच्या पोरीकडून कशाला? आणि सरकारनं तरी काय केलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमच बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला आरटीईतून सूट. जुलैत हायकोर्टानं तो रद्द केला म्हणून आपली पोरं आत आहेत.

महापालिकेच्या शाळेला मी नावं ठेवत नाही. तिथले शिक्षक निवडणूक-जनगणनेला जुंपले जातात तरी जीव तोडून शिकवणारे मी पाहिलेत. माझं दुखणं वेगळंच आहे. आपल्यासारखे, ज्यांच्याकडं कागदपत्रं आहेत, ते बाहेर पडतात, आणि मागं राहतात बांधकामावरच्या मजुरांची पोरं, ज्यांच्या आईबापांना घरमालक पत्त्याच्या पुराव्याला लागणारा रजिस्टर भाडेकरारच करून देत नाही. त्यांच्यासाठी त्या शाळेत भांडायला कोण उरतं? तरीही तुमच्या मुलीची जागा सोडू नका असंच मी म्हणेन. सगळ्या थरातली पोरं एका बाकावर बसावीत म्हणूनच तो कायदा आहे, आणि त्यात श्रीमंतांच्या पोरांचंही भलं आहे. फक्त वर्गात लक्ष ठेवा. आरटीईवाल्यांची तुकडी वेगळी किंवा पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वेगळा असेल तर लगेच लेखी हरकत घ्या, पोरांना ते फार लवकर कळतं.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. सवलत आठवीपर्यंतच आहे, नववीला पूर्ण फी लागते. सातवीतच जवळच्या अनुदानित शाळांत नववीला जागा असते का विचारून ठेवा, शक्यतो सेमी इंग्रजी बघा म्हणजे गणित-विज्ञानाला अडचण येत नाही. आमची आता तशाच शाळेत नववीत आहे. आणि शाळा सोडल्याचा दाखला मागायचा अर्ज दिलात तर त्याचीही पोच घ्या.