लोगोची मूळ फाईल आधी घ्या, उरलेले पैसे मग द्या

ताई, तुमची पोस्ट वाचताना एका ओळीवर अडकलो. आर्वीकडच्या गावातून तुम्ही अनुवादाचं काम करता, वडिलांची कपाशी, आईचं माहेर आंधळगावचं, कोसा (टसर रेशीम) विणणाऱ्यांच्या घरचं. हे सगळं दिसेल असा स्वतःचा लोगो, कार्ड, लेटरहेड आणि पाकीट करायचंय. चित्र कोणतं घ्यावं आणि फाँट कोणता, हा तुमचा प्रश्न. आणि जाता जाता लिहिलंय, ‘दुकानदार म्हणतो मूळ फाईल देत नसतो, जेपीजी व्हॉट्सॲपवर टाकतो.’ बाकी सगळं राहू द्या, आधी हे बोलू.

मी सिंदेवाहीकडचा, घरांचे नकाशे आणि एस्टिमेट करतो. आजोबा कुंभार. कवेलू, म्हणजे छपराची मातीची कौलं, करायचे. चाकावर नळा ओढायचा, अर्धवट वाळला की उभा चिरायचा, एका नळ्याची दोन कवेलू. एक तोंड रुंद, एक अरुंद. माझा लोगो तेवढाच आहे, मधोमध चिरलेला नळा. आता घरांवर स्लॅब पडतो, कवेलू कोणी विचारत नाही, पण नकाशा काढणाऱ्याच्या मागे कोण होतं ते त्यात दिसतं. जिल्ह्याच्या गावातल्या एका दुकानातल्या पोराने तो सुरेख काढून दिला, खोटं कशाला बोलू. पैसे पूर्ण दिले आणि मोबाईलवर जेपीजी आली.

पुढे साइटवर लावायचा बोर्ड करायला दुसरीकडे गेलो तर त्यांनी जेपीजी ताणली आणि कडा फाटल्या. परत त्याच दुकानात. तिथे दर वेळी ‘सेटिंग चार्ज’. लेटरहेड संपलं, सेटिंग चार्ज. फोन नंबर बदलला, सेटिंग चार्ज. मूळ फाईल मागितली की एकच उत्तर, ‘फाईल कायले पायजे तुमाले? छापाचं असन तं इथंच छापा ना.’ मधेच त्यांचा कंप्युटर फॉरमॅट झाला आणि फाईल गेली. नव्या पोराने जुन्या कागदावर बघून अंदाजाने पुन्हा काढलं. दोन्ही तोंडं सारखीच रुंद केली, कवेलूची पन्हाळी झाली. नेमका त्याच वेळी माझा रबरी शिक्का झिजला होता, तो नव्या चित्रावरून बनला.

आता एका बँकेच्या शाखेत माझ्या लेटरहेडचा आणि शिक्क्याचा नमुना ठेवलेला होता, कारण घरबांधणीच्या कर्जाला माझी एस्टिमेटं जायची. टेबलावरच्या साहेबांनी नवा शिक्का जुन्या नमुन्याशी ताडून पाहिला आणि एस्टिमेट परत केलं. सही तीच, नोंदणी क्रमांक तोच, माणूस समोर उभा. नाही. नवा नमुना द्या, तो वर जाईल, वरून येईल, मग बघू. वर म्हणजे कुठे, किती दिवस, कोणी सांगेना. ज्याचं कर्ज होतं त्या शेतकऱ्याने हप्ता येणार म्हणून जुनं छप्पर उतरवून ठेवलं होतं. मृग लागला. ते कुटुंब ताडपत्रीखाली राहिलं, आणि गावात बोलणं असं झालं की ‘इंजिनिअरच्या कागदात घोळ हाय’. ते काम तर मी कसंबसं पुरं केलं, पण त्या गावातून पुढे कोणी बोलावलं नाही. बँकेला नियम असतील, असू देत बाप्पा. पण नियम सांगायला तरी कोणी असावं की नाही?

यावर कळस म्हणजे एका वीटभट्टीवाल्याच्या बिलबुकावर मला माझंच कवेलू दिसलं. दुकानात विचारलं तर म्हणे डिझाईन आमचं, आमच्या कंप्युटरवर काढलं. तेव्हा डोकं फिरलं होतं. नंतर ओळखीच्या वकिलाने समजावलं की कायद्याने तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. (मी वकील नाही, मोठा मामला असेल तर तुमचा वकील गाठा.) १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लोगो काढणारा हाच सहसा पहिला मालक. तो तुमच्या पगारावर नोकरीला असेल तर गोष्ट वेगळी. दुकानातून काम करून घेतलं, पैसे दिले, एवढ्याने हक्क आपोआप आपल्याकडे येत नाही. तो लेखी, सहीनिशी सोपवून घ्यावा लागतो. त्यातही मेख आहे. कलम १९ प्रमाणे कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुम्ही अनुवादाचं काम बाहेरदेशी पाठवत असाल तर हे वाचूनच पुढे जा. म्हणून बिलाच्या मागेच लिहून घ्या: कोणतं चित्र, किती पैशांत, सर्व हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी अमुक यांना दिले. दोघांच्या सह्या, तारीख. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या. त्यालाच नको असेल तर दुकान बदला. आर्वीत नाही जमलं तर वर्ध्याला जा.

फाईल मागताना नुसतं ‘ओपन फाईल द्या’ म्हणू नका, कोरलची (दुकानात डिझाईन करतात त्या सॉफ्टवेअरची) फाईल देतील आणि त्यातला फाँट तुमच्याकडे नसेल. दोन प्रती घ्या. एकीत अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फाँट न लागणारी, चित्रासारखी रेषांत बदललेली, ती कोणत्याही मशीनवर तशीच उघडते. दुसरीत अक्षरं टाइप केलेलीच, म्हणजे उद्या पत्ता बदलता येतो. सोबत पीडीएफ आणि एसव्हीजी (कितीही ताणली तरी कडा न फाटणारी फाईल). रंगांचे सीएमवायकेचे (छपाईच्या चार शाईंचे) चारही आकडे आणि फाँटचं नाव लिहून घ्या. हे सगळं स्वतःच्या ईमेलवर आलं, दुसऱ्याच्या कंप्युटरवर उघडून बघितलं, की मग उरलेली रक्कम. माझ्या मते निम्मी तरी हातात ठेवा.

आता चित्र. तुम्ही कपाशीचं बोंड, बैलजोडी, चरखा, संत्रं आणि वारलीची माणसं, सगळं एका गोलात बसवलंय. माझं मत कडक आहे, राग मानू नका. वारली आधी काढून टाका. ती पालघरकडची, त्या लोकांची चित्रकला. विदर्भातल्या माणसाने ‘माझी पार्श्वभूमी’ म्हणून ती लावणं मला पटत नाही, मग कितीही ग्रामपंचायतींच्या भिंतींवर असो. चरखा ठेवला तर शेजारी ‘खादी’ हा शब्द मात्र नको, खादी ग्रामोद्योग आयोग ते नाव आपलं नोंदणीकृत चिन्ह म्हणून जपतो आणि कोर्टात जातो. (कोणी हौसेने अशोकस्तंभ सुचवला तर हात जोडा, राजचिन्हाच्या २००५ च्या कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.) संत्रं नागपूरचं म्हणून सगळ्यांचंच झालंय. बोंड चांगलं, पण जिनिंगवाले, बियाणंवाले, सगळ्यांकडे बोंडच.

तुमच्याकडे खरी चीज आईच्या पेटीत आहे. करवतकाठी कोसा, करवतीच्या दातांसारखा काठ असलेला. आईचं एखादं जुनं लुगडं उन्हात पसरा आणि काठ भिंगाखाली बघा. काठाचा धागा आणि अंगाचा धागा जिथे एकमेकांत अडकतात तिथे ते दात तयार होतात, आणि त्यांच्या कडा सरळ तिरप्या नसतात, धाग्याधाग्याने पायऱ्या पाडत चढतात. त्या पायऱ्या घ्या. नुसते त्रिकोण काढले तर करवत-रंधा विकणारं दुकान वाटेल. लेटरहेडच्या डाव्या कडेला उभा काठ, कार्डावर तोच काठ आखूड, पाकिटाच्या झाकणावर फक्त दात. वेगळं चिन्ह हवंच कशाला? वडिलांची कपाशी यात येत नाही म्हणाल तर कागदाचा रंग थोडा मळकट पांढरा घ्या, सरकीसकट कापसासारखा. वडिलांना कळेल, बाकीच्यांना नाही कळलं तरी चालतं.

अक्षराचं. तुमच्या आडनावात ‘ल’ आहे, तो नीट पहा. बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाचा ल येतो, श चंही तसंच. मराठी वळण कोणतं हे शासनाने वर्णमालेच्या निर्णयात दिलेलं आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट मराठीसाठीच बनवलेला आहे, फुकट आहे आणि छपाईला देखणा आहे. दुकानात जुन्या कोरलमध्ये युनिकोड (मोबाईलवर टाइप होतो तो) मजकूर चिकटवला की वेलांट्या भलतीकडे जातात, आणि ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ झालेलं मी बोर्डावर पाहिलंय. तेव्हा प्रूफ मोबाईलवर नाही, कागदावर छापून घ्या आणि आईला वाचायला द्या.

लोगो झाला की आधी तो काळ्या रंगात, बोटाच्या नखाएवढा छापा, त्याची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स काढा. आपल्याकडे कागद असाच फिरतो. दात एकमेकांत भरले तर दात कमी करा. लेटरहेडला १०० जीएसएम (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) बाँड पुरतो, कार्डाला ३०० चं आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत नको, पेनाने मागे नंबर लिहिता येत नाही. पाकीट ११० बाय २२० मिमीचं, त्यात ए-४ दोनदा दुमडून, तीन भागांत, बसतो. हातकागद हवा असेल तर वर्ध्याला चौकशी करा, पण त्यावर स्क्रीन प्रिंटच करा. लेझर प्रिंटरमध्ये तो अडकू शकतो आणि टोनरची पूड नीट धरत नाही. पहिल्यांदा शंभरच्या वर कार्डं छापू नका, दुकानदार हजाराचा भाव दाखवून भरीला पाडेल.

काठाचा फोटो काढलात तर इथेच टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून. काळ्या-पांढऱ्यात कसा दिसतो ते आधी बघू, रंगाचं मागून.