मुलाच्या छातीत गाठ दिसली तर एक्सरेनंतर सीटी आणि एमआरआय दोन्ही का सांगतात?

तुम्ही लिहिलंय की 4 वर्षांच्या मुलाचा खोकला जाईना म्हणून एक्सरे काढला, त्यात गाठीसारखी सावली दिसली, आता सीटी सांगितलाय, पुढे एमआरआयही लागेल म्हणतात, मग एकाच टेस्टमध्ये का भागत नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे, लहान मुलांचेच स्कॅन बघते.

आधी हे सांगते, सावली म्हणजे कॅन्सर असं धरून बसू नका. या वयात न्यूमोनियासुद्धा कधीकधी अगदी गोल गोळ्यासारखा दिसतो, औषधं दिली की पुढच्या एक्सरेत गायब. तान्ह्या बाळांत तर थायमस नावाची ग्रंथी, जी असायलाच हवी, तीच हृदयाशेजारी शिडासारखी पसरलेली दिसते आणि घरच्यांची झोप उडते. तिथे मी सोनोग्राफीच करते, छातीच्या मधल्या हाडाला लागून प्रोब ठेवला की ती मऊ ग्रंथी प्रत्येक ठोक्याला दबते आणि परत फुगते, शेजारच्या रक्तवाहिन्यांना ढकलत नाही. रेडिएशन अजिबात नाही.

पण खरंच गाठ असेल तर ती छातीत नेमकी कुठे आहे यावर पुढचं बरंचसं ठरतं. पुढच्या बाजूला, हाडामागे असेल तर लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) किंवा जर्म सेल ट्यूमरचा (बीजपेशींपासून होणाऱ्या गाठीचा) विचार येतो, मागे मणक्याला चिकटून असेल तर नसांपासून होणाऱ्या गाठींचा, त्यात न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांतला नसांच्या कच्च्या पेशींचा कॅन्सर) आला. सीटी काही सेकंदांत होतो, फुफ्फुस आणि श्वासनळी किती दबलीय, गाठीत कॅल्शियम आहे का ते छान दाखवतो. पण मागची गाठ मणक्यांमधल्या फटीतून आत मज्जारज्जूपर्यंत शिरलीय का, हे एमआरआयमध्येच नीट कळतं, त्याला वेळ लागतो म्हणून लहान मुलांना बहुतेक वेळा भूल द्यावी लागते. त्यामुळे गाठ मागे असेल तर सरळ विचारा की आधी एमआरआय केला तर सीटी टळेल का. आणि गाठ कसली हे शेवटी बहुतेक वेळा बायोप्सीच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणीच, ठरवते.

रेडिएशनचं म्हणाल तर छातीच्या एका एक्सरेत साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचं माप), म्हणजे निसर्गातून आपल्याला तीनेक दिवसांत मिळतं तेवढंच. सीटीत ते कितीतरी जास्त, म्हणून मुलाच्या वजनाप्रमाणे डोस कमी ठेवतात, आणि गरज असेल तर सीटीला घाबरून थांबू नका.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच बघा. मूल उताणं झोपलं की धाप लागते का, घरघर येते का, उठवून बसवल्यावरच शांत होतं का? तसं असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटलला न्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी सांगा, कारण छातीच्या पुढच्या बाजूची गाठ उताणं झोपल्यावर श्वासनळीवर दाब देते आणि भूल दिल्यावर हा दाब जिवावर बेतू शकतो. अशा मुलांचा सीटी आम्ही कुशीवर ठेवून किंवा पाठ उचलून, भूल न देताच काढतो, आई किंवा बाबा शिशाचा एप्रन घालून शेजारी हात धरून उभे असतात.