विज्ञानावर चालणाऱ्या, झपाट्याने बदलणाऱ्या धंद्यात भागीदारी टिकते कशामुळे?

"विश्वासामुळे" असं उत्तर तुम्हाला दहा जण देतील. माझा माझ्या भागीदारावर पूर्ण विश्वास होता आणि अकराव्या वर्षी आमची फर्म मोडली.

आम्ही रोगनिदानाच्या किट बनवायचो, रक्तातल्या अँटिबॉडी (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधणाऱ्या. वाटणी पहिल्याच दिवशी ठरली: प्रयोगशाळा माझी, विक्री त्याची, एकाने दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही. दोघांनाही ती फार शहाणपणाची वाटली होती. पुढे गिऱ्हाईक पीसीआर या दुसऱ्या चाचणीकडे वळू लागलं. लागण झाल्यावर अँटिबॉडी तयार व्हायला दिवस जातात, त्यामुळे सुरुवातीच्या रुग्णांत आमची चाचणी निगेटिव्ह यायची. पीसीआर थेट जंतूचं जनुकीय द्रव्य पकडते. आमच्या किट विकत घेणारे लॅबवाले हे त्याला स्पष्ट सांगत होते. तो वहीत लिहून घ्यायचा आणि भाव उतरवून ऑर्डर टिकवायचा. त्याच्या लेखी हा विक्रीचा प्रश्न होता. मी ते सगळं वर्ष किटच्या पट्टीवर निकाल दाखवणारी रेघ ठळक यावी म्हणून खपत होतो. ती वही माझ्या हातात आली हिशेब मिटवताना. पहिली तक्रार चौदा महिन्यांपूर्वीची होती.

तो आजही ओळखीच्या लोकांत सांगतो की मी नवं तंत्र घ्यायला कचरलो, म्हणून धंदा बसला. मला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, वाटणीची रेघ कुठे ओढता ते बघा. ॲम्जेन या अमेरिकन औषध कंपनीचं उदाहरण घ्या. १९८४ साली तिने जपानच्या किरिन या बीअर कंपनीबरोबर निम्म्या-निम्म्या मालकीची कंपनी काढली, लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनसाठी. बाजार देशांप्रमाणे वाटले. ही भागीदारी तीन दशकांहून जास्त चालली. त्याच औषधासाठी १९८५ साली जॉन्सन अँड जॉन्सनशी करार झाला, तो मात्र उपयोगाप्रमाणे: अमेरिकेत डायलिसिसचे रुग्ण ॲम्जेनचे, इतर उपयोग त्यांचे. रेणू एकच, मग कुठली बाटली कुठल्या रुग्णाला गेली हे कसं कळणार? वर्षानुवर्षं लवादात भांडले. देशाची हद्द दिसते, औषध कोणाच्या शिरेत गेलं ते दिसत नाही. आमचीही रेघ तशीच होती, गिऱ्हाइकाची तक्रार विक्रीत मोडते की संशोधनात, हे कोण ठरवणार?

तुम्ही करार करत असाल तर त्यात उत्पादनाचं नाव घालून थांबू नका. त्याची जागा घेणारं तंत्र आलं तर ते कोणाचं, त्यावर खर्च कोण करणार, हे आजच लिहा. आणि गिऱ्हाइकाची प्रत्येक तक्रार दोघांनी, त्याच आठवड्यात, एकत्र बसून वाचायची, हेही लिहा. माझा भागीदार म्हणायचा, मैत्रीत इतकं कागदावर कशाला. मैत्री होती म्हणूनच हवं होतं. त्या वेळी मी गप्प बसलो, कारण त्याला वाईट वाटेल असं वाटलं.

हे सगळं दोघाचौघांच्या फर्मबद्दल आहे, मोठ्या कंपन्यांत हे बघायला वेगळी माणसं असतात. आणि एक कबूल करतो: आमची एक बॅच फसली होती, ते मीही त्याला तीन महिने सांगितलं नव्हतं. पण म्हणून ती वही लपवणं बरोबर ठरत नाही, हे मी त्याच्या तोंडावर आजही सांगेन.